जीपीची अपॉइंटमेंट मिळत नाही, डॉक्टर घरी येत नाहीत: नेमकं कुठे अडतं आणि काय करायचं

इंग्लंडमधल्या मराठी घरांत जीपी (फॅमिली डॉक्टर) आणि त्यांची सर्जरी, म्हणजे दवाखाना, याबद्दल दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. पहिली, "सर्जरीत सकाळी आठपासून फोन लावतोय, लागतो तेव्हा सगळ्या अपॉइंटमेंट संपलेल्या असतात." दुसरी, "आईला अंथरुणातून उठवत नाही, तरी डॉक्टर घरी यायला तयार नाहीत." आमच्या भागातल्या ज्येष्ठांना सर्जरीचे फोन लावून देणं, त्यांचे फॉर्म भरून देणं हे काम मी बरीच वर्षं करते आहे. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. आठच्या ठोक्याला कोण आधी पोचलं यावर थोडंफार ठरतंच, पण त्याहून कितीतरी जास्त ठरतं ते पहिल्या बोलण्यात तुम्ही काय सांगितलंत आणि तुमच्या नोंदीत आधीपासून काय लिहिलेलं आहे यावर. तीच अडचण पुन्हा पुन्हा येत असेल, तर ती या दोहोंपैकी कुठे आहे ते आधी शोधा.

पुढचं सगळं इंग्लंडच्या एनएचएसबद्दल, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेबद्दल आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडची व्यवस्था वेगळी आहे, तिथे राहणाऱ्यांनी नियम तिथले पाहावेत. आणि छातीत दुखणं किंवा दाब येणं, धाप लागून बोलता न येणं, तोंड वाकडं होणं, हात उचलता न येणं, बोबडी वळणं, शुद्ध हरपणं, थांबत नसलेला रक्तस्राव, यांतलं काही असेल तर सर्जरीच्या रांगेत थांबूच नका. ॲम्ब्युलन्ससाठी थेट ९९९ ला फोन करा.

"आजच्या संपल्या, उद्या आठ वाजता फोन करा"

हे उत्तर आजही अनेकांना मिळतं आणि लोक मुकाट्याने फोन ठेवतात. ठेवू नका. मे २०२३ पासून इंग्लंडमधल्या जीपींच्या करारात स्पष्ट आहे की रुग्णाने संपर्क केला की त्याच वेळी त्याच्या गरजेचा अंदाज घ्यायचा किंवा त्याला योग्य सेवेकडे पाठवायचं. नंतर परत फोन करा असं सांगून परतवायचं नाही. याचा अर्थ त्याच दिवशी डॉक्टर भेटलेच पाहिजेत असा होत नाही. पुढच्या आठवड्यातली वेळ, नर्सची भेट, फार्मसी, यांतलं काहीही मिळू शकतं. पण "उद्या पुन्हा प्रयत्न करा" एवढंच उत्तर पुरेसं नाही. शांतपणे एवढं म्हणा: "मला आजचीच वेळ हवी असा आग्रह नाही. माझी तक्रार नोंदवून घ्या आणि पुढे काय होणार ते मला आत्ता सांगा." आवाज चढवायची गरज पडत नाही. समोरच्या रिसेप्शनिस्टलाही हा नियम माहीत असतो.

दुसरी गोष्ट, तातडीचं नसलेलं काम घेऊन आठच्या गर्दीत शिरू नका. सर्जरीचे ठरलेले तास सोमवार ते शुक्रवार सकाळी ८ ते संध्याकाळी ६.३० असतात. ऑक्टोबर २०२५ पासून या संपूर्ण वेळात तातडीच्या नसलेल्या तक्रारींसाठी ऑनलाइन फॉर्म खुला ठेवणं सर्जरींवर बंधनकारक झालं आहे. त्याआधी कित्येक ठिकाणी हा फॉर्म सकाळी तासाभरात बंद व्हायचा, म्हणून लोकांनी त्याचा नाद सोडला. तो आता पुन्हा धरायला हरकत नाही. फॉर्म सर्जरीच्या वेबसाइटवर असतो, बऱ्याच ठिकाणी एनएचएस ॲपमध्येही असतो. ज्यांना संगणक जमत नाही त्यांनी फोनवर किंवा काउंटरवर जाऊन सांगितलं तरी चालतं, तिथले कर्मचारी तीच माहिती भरून घेतात. आज पाहायलाच हवं असं काही असेल तेव्हा मात्र फॉर्म भरून वाट बघू नका, फोनच करा.

संध्याकाळच्या आणि शनिवारच्या वेळाही असतात, पण त्या विचारल्याशिवाय कळत नाहीत. आसपासच्या सर्जरींचा गट मिळून सोमवार ते शुक्रवार ६.३० ते ८ आणि शनिवारी ९ ते ५ या वेळात रुग्ण पाहतो. जागा दुसरीकडे असू शकते, डॉक्टर अनोळखी असू शकतात. नोकरीमुळे दिवसा जमत नसेल तर हीच वेळ मागून घ्या.

सांगताना काय राहतं

माझ्या मते सगळ्यात जास्त अपॉइंटमेंट इथे हातच्या जातात. आपल्याकडे सोसायची सवय असते. आजोबांना विचारलं तर म्हणतात, "तसं विशेष काही नाही, जरा बरं वाटत नाहीये." रिसेप्शनिस्ट तेच लिहून घेते आणि ते वाचणारा डॉक्टर किंवा नर्स त्या ओळीवरून तुमचा नंबर लावतात. ट्रायएज करणाऱ्या, म्हणजे कोणाला किती लवकर पाहायचं ते ठरवणाऱ्या माणसासमोर तुम्ही नसता, तुमचे चार शब्द असतात.

दुसरी सवय म्हणजे लक्षणाऐवजी आपण लावलेलं निदान सांगणं. "गॅस झालाय", "ॲसिडिटी आहे", "बीपी वाढलंय वाटतं", "थंडी बाधली". गॅस म्हणून सांगितलेली छातीतली घट्टपणाची भावना हृदयाची असू शकते, आणि मधुमेही किंवा वयस्क माणसात ती फारशी न दुखताही येते. म्हणून कुठे, कसं, कधीपासून एवढं सांगा. आजाराचं नाव डॉक्टरांना ठरवू द्या.

फॉर्मवर "पोट दुखतं, अपॉइंटमेंट हवी" असं लिहिलं तर तो ढिगात खाली जाणारच. त्याच माणसाची हीच तक्रार अशी लिहिता येते: "वय ६८. तीन आठवड्यांपासून जेवणानंतर पोटात उजवीकडे, बरगडीखाली दुखतं. आधी दोन-चार दिवसांनी व्हायचं, आता रोज. रात्री झोपमोड होते. भूक कमी झाली आहे, कपडे सैल झालेत. मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. पॅरासिटामॉलने फरक नाही. ताप, उलटी नाही. वडिलांना आतड्याचा कॅन्सर होता, म्हणून काळजी वाटते. दुपारी १२ ते २ फोन घेता येईल." हे वाचणाऱ्याला निर्णय घेता येतो. त्यात बदल कसा होत गेला ते आहे, आता काय करता येत नाही ते आहे, औषधं आहेत, आणि मनातली भीती आहे. ही शेवटची ओळ लोक लाजून गाळतात. गाळू नका, नेमकी तीच ओळ वाचून डॉक्टर कधी कधी वेगळा विचार करतात.

लघवीतून किंवा शौचातून रक्त, कारण नसताना घटलेलं वजन, स्तनात लागलेली गाठ, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त जाणं, गिळताना अडकणं. या गोष्टी पहिल्याच वाक्यात आल्या पाहिजेत. आपल्या घरातल्या बायका त्या अगदी शेवटी, दाराच्या मुठीला हात लावून सांगतात, आणि फॉर्मवर तर लिहीतच नाहीत.

रिसेप्शनिस्टने कारण विचारलं की अनेकांना राग येतो. "तिला कशाला सांगायचं?" तिला योग्य ठिकाणी पाठवायचं प्रशिक्षण दिलेलं असतं, आणि गुप्ततेचा नियम डॉक्टरांइतकाच तिलाही लागू असतो. अगदी खासगी असेल तर "नाजूक जागेचा त्रास आहे, तपशील डॉक्टरांनाच सांगेन" एवढं पुरतं. काउंटरवर मागे रांग असेल तर बाजूला बोलायला जागा मागा.

"आम्ही फोन केला होता, तुम्ही उचलला नाही"

बरेचदा सर्जरीतला फोन तुमच्या स्क्रीनवर नंबर न दिसता येतो. फोनमध्ये अनोळखी कॉल गप्प करण्याची सोय चालू असेल तर तो वाजतच नाही. डॉक्टर एक-दोनदा प्रयत्न करतात आणि विनंती बंद होते. मग घरचे म्हणतात, "कोणी फोनच केला नाही." ज्या दिवशी फोन येणार आहे त्या दिवशी ती सेटिंग बंद ठेवा. आई-बाबांच्या मोबाइलमध्ये ती नातवंडांनी फसवणुकीच्या कॉलना कंटाळून लावून दिलेली असते, हे जरूर तपासा. फोनची वेळ "सकाळी" अशी मोघम असेल तर कोणत्या दोन तासांत येईल ते विचारा, आणि कामावर असाल तर कधी उचलता येणार नाही ते आधीच सांगून ठेवा. नोंदीतला मोबाइल नंबर जुना असणं हेही फार आढळतं. सर्जरी मेसेजवर लिंक पाठवते, ती जुन्या नंबरवर जाते, आणि इकडे आपण वाट पाहत बसतो.

जीपीशिवाय होणारी कामं

इथे लांबण लावत नाही. ३१ जानेवारी २०२४ पासून फार्मसी फर्स्ट योजनेत फार्मासिस्ट सात तक्रारी स्वतः पाहून, गरज असेल तर प्रिस्क्रिप्शनची औषधंही देऊ शकतात: सायनसचा त्रास, घसा दुखणं, मुलांचा कान दुखणं, कीटक चावून झालेला जंतुसंसर्ग, इम्पेटिगो (त्वचेचा जंतुसंसर्ग), नागीण, आणि १६ ते ६४ वयाच्या स्त्रियांमधला साधा मूत्रमार्गाचा संसर्ग. वयाच्या अटी प्रत्येकीला वेगळ्या आहेत. आजारपणाच्या रजेसाठी पहिल्या सात दिवसांत डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, स्वतःच लिहून देता येतं. गरोदरपणात मिडवाइफकडे (प्रसूतीची काळजी घेणारी परिचारिका) आणि नैराश्य-चिंतेसाठी टॉकिंग थेरपीकडे (समुपदेशन) थेट नाव देता येतं. पुष्कळ भागांत फिजिओथेरपीचंही तसंच आहे.

"डॉक्टर घरी यायला नाही म्हणतात"

हा प्रश्न सगळ्यात नाजूक. भारतात फोन केला की बॅग घेऊन येणारे फॅमिली डॉक्टर ज्यांनी पाहिलेत, त्यांना इथला नकार फार लागतो. नियम काय आहे ते समजून घेतलं की तो कमी लागतो आणि हवी ती भेट मिळवणंही सोपं होतं.

घरी येणं जीपीच्या करारात आहे, बंद झालेलं नाही. पण दोन गोष्टी जुळाव्या लागतात: रुग्णाला प्रत्यक्ष तपासणं गरजेचं आहे, आणि त्याची प्रकृती अशी आहे की त्याला सर्जरीत आणणं योग्य नाही. हा निर्णय वैद्यकीय असतो आणि तो सर्जरीचा असतो. वय हे कारण नाही. गाडी नाही, मुलगा कामावर आहे, बाहेर पाऊस आहे, टॅक्सी परवडत नाही, ही खरी अडचण असली तरी करारातली कारणं नाहीत. आजी दर आठवड्याला कुणाच्या तरी गाडीतून कार्यक्रमाला जात असतील तर सर्जरी म्हणणार की इथेही आणा, आणि मला ते रास्त वाटतं. एका घरभेटीच्या वेळात सर्जरीत कितीतरी माणसं पाहून होतात. शिवाय तपासणीचा नीट पलंग, उजेड, ईसीजी तिथेच असतो. ज्यांना खरोखर उठता येत नाही त्यांच्यासाठी ही भेट शिल्लक राहायला हवी.

म्हणून विनंती करताना वाहन आणि वय मधे आणू नका. हालचाल सांगा. "त्या अंथरुणातून खुर्चीपर्यंत दोघांच्या आधाराने येतात. जिना उतरता येत नाही. गेल्या महिन्यात एकदाही घराबाहेर पडलेल्या नाहीत. कालपासून ताप आहे, खोकला आहे, नीट खात नाहीत, आणि आज नेहमीपेक्षा गोंधळलेल्या आहेत." शेवटचं वाक्य फार मोलाचं आहे. वयस्क माणसात अचानक आलेला गोंधळ हे संसर्गाचं एकमेव लक्षण असू शकतं, आणि तो घरच्यांनाच ओळखता येतो, कारण नेहमीचं माणूस कसं असतं ते त्यांना माहीत असतं.

वेळ सांभाळा. बहुतेक सर्जरी घरभेटीच्या विनंत्या सकाळी दहा-साडेदहाच्या आत मागतात, कारण सकाळचे रुग्ण संपले की डॉक्टर बाहेर पडतात. रात्रभर आईला बरं नव्हतं आणि आपण दुपारी तीनला फोन करतो, तिथे फाटे फुटतात. आधी बहुधा डॉक्टरांचाच फोन येईल. ती टाळाटाळ समजू नका. कुणी यायचं, किती लवकर यायचं आणि खरं तर ॲम्ब्युलन्सच पाठवायला हवी का, हे ते त्या फोनवर ठरवतात. येणारी व्यक्ती पॅरामेडिक किंवा अनुभवी नर्स असू शकते. घरी नीट उजेड, औषधांच्या सगळ्या डब्या एका जागी, कुत्रा असेल तर दुसऱ्या खोलीत, आणि दार उघडायला कोणीतरी हवं. कोणी नसेल तर किल्लीच्या पेटीचा कोड फोनवरच द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे आजारपणाची वाट न बघता करायचं. घरातली व्यक्ती खरंच घराबाहेर पडू शकत नसेल तर ती "हाउसबाउंड" असल्याची नोंद सर्जरीकडून करून घ्या. बरं असताना, एखाद्या शांत दुपारी, लेखी विनंती द्या. ही नोंद असली की प्रत्येक फोनवर पहिल्यापासून पटवून द्यावं लागत नाही. जखमेचं ड्रेसिंग, इन्सुलिन, रक्ततपासणी यासाठी डिस्ट्रिक्ट नर्स घरी येऊ शकतात, फ्लूची लस घरी मिळू शकते. या कामांना जीपीच्या घरभेटीची गरजच नसते, आणि अनेक घरांत लोक चुकीच्या माणसाला बोलावत असतात.

कधी कधी नकाराचं कारण वेगळंच निघतं. जानेवारी २०१५ पासून सर्जरींना आपल्या हद्दीबाहेरच्या रुग्णांची नोंदणी करायची मुभा आहे, पण अशा नोंदणीत घरी येण्याचं बंधन त्यांच्यावर नसतं. घर बदललं, जुने डॉक्टर चांगले म्हणून तीच सर्जरी ठेवली, किंवा ऑफिसजवळची सोयीची म्हणून घेतली, की हे होतं. तरुण माणसाला फरक पडत नाही. आई-बाबांची नोंदणी अशी असेल तर आजच तपासा, आणि त्यांच्यासाठी घराजवळची सर्जरी घ्या.

नकार आलाच तर तीन गोष्टी विचारून लिहून ठेवा: निर्णय डॉक्टरांनी किंवा नर्सनी घेतला की काउंटरवरूनच आला, त्याऐवजी आता आम्ही काय करायचं, आणि काय दिसलं तर पुन्हा फोन करायचा. काउंटरवरूनच नकार असेल तर डॉक्टरांचा फोन मागा. संध्याकाळी साडेसहानंतर, शनिवार-रविवारी आणि बँक हॉलिडेला १११ या एनएचएसच्या सल्ला-क्रमांकावर फोन करा. गरज वाटली तर त्यांच्यामार्फतही डॉक्टर घरी पाठवले जातात.

भारतातून आलेल्या आई-बाबांसाठी

व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना जीपी पाहतच नाहीत, असा समज पसरला आहे. जीपीचा सल्ला सगळ्यांना मोफत आहे. त्या भागात २४ तासांपेक्षा जास्त आणि तीन महिन्यांपेक्षा कमी राहणार असतील तर तात्पुरती नोंदणी होते. त्याहून जास्त असेल तर कायमची मागता येते. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, व्हिसा यांपैकी काही नाही म्हणून नोंदणी नाकारता येत नाही. हॉस्पिटलचं गणित मात्र वेगळं आहे. अपघात विभागातली तपासणी मोफत, पण दाखल करून घेतलं किंवा पुढे तज्ज्ञांकडे पाठवलं की व्हिजिटरला बिल येतं आणि ते मोठं असतं. प्रवासविमा हवाच, आणि जुने आजार त्यात समाविष्ट आहेत ना ते वाचून घ्या.

येताना औषधांची यादी घटकांच्या नावाने आणि मात्रेसकट आणा. भारतातली ब्रँडची नावं इथल्या डॉक्टरांना ओळखता येत नाहीत, आणि एका गोळीत दोन औषधं असतील तर त्यांचा आणखी गोंधळ होतो.

आई-बाबांच्या वतीने बोलताना

"रुग्णाशीच बोलावं लागेल," असं म्हणून रिसेप्शनिस्ट थांबते तेव्हा ती अडवत नसते, तिला परवानगी नसते. आई-बाबांच्या सहीने "माझ्या मुलीशी माझ्या तब्येतीबद्दल बोलायला हरकत नाही" अशी नोंद करून ठेवा. सर्जरीकडून प्रॉक्सी ॲक्सेसही घेता येतो. मग औषधं मागवणं, वेळ घेणं त्यांच्या वतीने तुम्हाला ऑनलाइन करता येतं. त्यांचा पासवर्ड वापरून गुपचूप करत बसू नका.

भाषेची अडचण असेल तर वेळ घेतानाच मराठी दुभाषी मागा. तो मोफत असतो, बहुधा फोनवरून. सोबत दुप्पट वेळेची अपॉइंटमेंटही मागा, कारण प्रत्येक वाक्य दोनदा बोललं जातं. मुलगा-सून उत्तम इंग्रजी बोलत असले तरी मी दुभाष्याचाच आग्रह धरते. मुलासमोर आई अंग बाहेर येण्याचा त्रास सांगत नाही, सुनेसमोर सासरे लघवीबद्दल बोलत नाहीत, आणि नातवंडांवर तर हे ओझं टाकूच नये.

तरीही अडलं तर

तारीख, वेळ, कोण काय म्हणालं हे लिहून सर्जरीच्या प्रॅक्टिस मॅनेजरला ईमेल करा. तक्रारीच्या सुरात लिहिण्यापेक्षा नेमकं काय हवं ते लिहिलं की उत्तर लवकर येतं: "आईची हाउसबाउंड नोंद करावी", "वडिलांना ऐकू कमी येतं, फोनऐवजी समोरासमोर भेट द्यावी". ऐकू न येणं, न दिसणं, विसरभोळेपणा यासाठी वेगळी सोय मागणं हा इक्वालिटी ॲक्ट २०१० नुसार हक्क आहे. औपचारिक तक्रार घटना घडल्यापासून बारा महिन्यांच्या आत करायची असते, सर्जरीकडे किंवा तुमच्या भागाच्या इंटिग्रेटेड केअर बोर्डाकडे (त्या भागातल्या आरोग्यसेवा पाहणारी एनएचएसची संस्था), दोन्हीकडे एकदम नाही. त्या उत्तराने समाधान झालं नाही तर पार्लमेंटरी अँड हेल्थ सर्व्हिस ऑम्बड्समनकडे, म्हणजे तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र लोकपालाकडे जाता येतं. सर्जरी बदलायचीही मोकळीक आहे, आणि कारण द्यावं लागत नाही. फक्त नव्या सर्जरीच्या हद्दीत तुमचा पोस्टकोड बसतो का ते नाव घालण्याआधी विचारा.